रिव्हॉल्व्हर या घरात राहू नयेत म्हणून

मी, उर्जा श्यामकांत दळवी, वय चौतीस, व्यवसायाने मोजमाप अभियंता, राहणार फालर्सलेबेन, वोल्फ्सबुर्ग, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे इथे स्वतःच्या हाताने, शाईने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. शेजारी उभे राहून कोणी सांगत नाही. या देशात संपूर्ण हाताने लिहून खाली सही केलेले मृत्युपत्र चालते, भाषा कोणतीही असो. टाइप केलेले चालत नाही.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांच्या मते धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून व्यवस्था आधी केलेली बरी. लग्नानंतर मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझा रिव्हॉल्व्हरांचा संग्रह पती विनय राजाराम मोहिते यांना दिला होता. ते मृत्युपत्र या लेखनाने रद्द होत आहे, आणि रद्द करण्याचे कारण तो संग्रहच आहे.

कलम १. राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा विनयला मिळावा. तळमजल्यावरील बागेकडची खोली माझे सासरे श्री. राजाराम उर्फ राजाभाऊ मोहिते, ज्यांना मी बाबा म्हणते, यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहावी. ती भाड्याने देऊ नये व तेथे व्यायामाची सायकल ठेवू नये. विनयला हे वाक्य कळेल.

कलम २. माझ्या शिलकीतून प्रथम बाबांच्या उपचारांचा खर्च व्हावा. उपचार म्हणजे गुडघे नव्हेत. मेंदूच्या डॉक्टरांची जी भेट विनयने सप्टेंबरमध्ये परस्पर रद्द केली, ती पुन्हा घ्यावी. "इथल्या डॉक्टरांसमोर जर्मनमध्ये माझ्या बापाला वेडा ठरवू?" असे तो म्हणाला होता. वेडे कोणी ठरवत नव्हते. उरलेली शिल्लक विनयची.

कलम ३. मायक्रोमीटर, जाडी मोजण्याच्या पट्ट्या आणि लाकडी पेटीतली सर्व मापे माझी बहीण अन्वी, सध्या गार्चिंग येथे संशोधन करते, हिला द्यावीत. अन्वी, ही मापे प्रयोगशाळेत कोणाला उसनी देऊ नकोस. परत येतात, पण पडून आलेली असतात.

कलम ४. संग्रह. पाच रिव्हॉल्व्हर, सर्व जर्मन लष्करासाठी १८७९ ते १९०८ या काळात बनलेली, आणि त्या काळची काही काडतुसे. संग्राहकाच्या परवान्यावर प्रत्येकाची नोंद आहे. परवाना मागायला गेले तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी विचारले होते, "फ्राऊ दळवी, टपाल तिकिटं नाही का जमवता येणार?" मी म्हटले, "त्यांत फिरणारे भाग नसतात." त्या हसल्या नाहीत. फाईल मात्र पुढे सरकली.

हा छंद मला आमच्या मोजमाप विभागातून निवृत्त झालेले श्री. क्लाउस एहलर्स यांच्यामुळे लागला. त्यांनी एकदा घरी बोलावून एक जुने रिव्हॉल्व्हर सुटे करून टेबलावर मांडले आणि म्हणाले, "मोज." सुट्या भागांवर तोच तो क्रमांक पुन्हा पुन्हा ठोकलेला होता. एखादा भाग बदलला असेल तर क्रमांक जुळत नाही, आणि जुळत नसेल तर घ्यायचे नाही, ही खरेदीची पहिली अट मी त्या दुपारी शिकले. दुसरी अट अशी की विकणारा घाई करत असेल तर उठायचे. तिसरी अट कोणत्याही हत्याराची: हातात घेतल्याबरोबर बाजूची झडप उघडायची, सिलिंडर पूर्ण फिरवायचे, सगळे कप्पे डोळ्यांनी पाहायचे. ज्याने दिले त्याने आत्ताच पाहिलेले असले तरी.

कलम ५. कासेलच्या जुन्या शस्त्रांच्या जत्रेत ज्या विक्रेत्याने मला "बाई, तुमच्या नवऱ्याला हे आवडेल" म्हणत नव्याने निळसर पॉलिश केलेले व क्रमांक खरवडून पुन्हा ठोकलेले रिव्हॉल्व्हर दाखवले, त्याला या संग्रहातील काहीही विकू नये. मी भिंग काढल्यावर त्याने ते रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून ओढून घेतले होते. त्याने दुप्पट भाव दिला तरी नाही.

कलम ६. संग्रह विनयला का नाही, हे लिहिणे भाग आहे. नाहीतर त्याला तो राग वाटेल.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. सुरुवातीला पाटावर विनयचा लॅपटॉप, माझी मापे आणि स्वयंपाकघरातली सुरी असे. सासूबाई गेल्यावर बाबा पुण्याहून इथे आले. नोकरीत ते दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांचे तपासनीस होते. पहिल्याच वर्षी म्हणाले, "घरात खरं शस्त्र असताना सुरीला कसली फुलं वाहता?" तेव्हापासून दर वर्षी एक रिव्हॉल्व्हर पाटावर येते आणि शेजारच्या ताटात दोन काडतुसे. मांडणी बाबांची आणि नियमही त्यांचाच: "शस्त्र रिकामं, गोळी वेगळ्या ताटात. देवालासुद्धा भरलेलं शस्त्र दाखवायचं नाही." माझा छंद या घरात कोणाला खरोखर समजला असेल तर बाबांना.

या वर्षी आरतीच्या आधी दाराची बेल वाजली. शेजाऱ्यांचे पार्सल होते, मी सही करून घेतले. विनय स्वयंपाकघरात कापूर शोधत होता. मी परत आले तेव्हा बाबा हात जोडून बसले होते. आरती झाली. आत ठेवण्यासाठी रिव्हॉल्व्हर उचलले, झडप उघडली, सिलिंडर फिरवू लागले, आणि एका कप्प्यात पितळ दिसले. ताटात एकच काडतूस उरले होते.

"बाबा, हे तुम्ही भरलंत?"

"रिकामं शस्त्र पूजायचं नसतं."

"गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, गोळी वेगळ्या ताटात."

"मी? छे! मी कशाला असं म्हणेन?"

विनय हसायला लागला. "अगं, एवढं काय? शंभर वर्षांची गोळी ती. फुसकीच असणार. बाबांनी श्रद्धेनं केलं."

"फुसकी आहे हे तुला कसं कळलं?"

"आल्झो, म्हणजे झालं हिचं इन्स्पेक्शन सुरू! प्रसाद दे आधी."

मी काडतूस काढले, सगळे आत ठेवले, प्रसाद दिला.

पुढच्या आठवड्यात मी घरून काम करत होते. दुपारी बाबा माझ्यासमोर मटार सोलत बसले होते. मधेच आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "तो माणूस गेला का कामावर?"

"कोण, विनय?"

"विनय नव्हे गं. विनयचे कपडे घालतो तो. चहा पितो, गोड बोलतो, मला बाबा म्हणतो. पण माझ्या पोराला टक्कल नाही."

विनयला टक्कल पडले आहे. त्याच्यासमोर ते कोणी बोलत नाही, एवढेच.

मी विचारले, "मग तुम्ही काय करणार?"

"तयारीत राहायचं. तू घाबरू नकोस, पोरी. तुला काही होऊ देणार नाही." आणि शेंगा सोलता सोलता त्यांनी माझ्या तिजोरीच्या क्रमांकाचे पहिले चार आकडे म्हणून दाखवले. बरोबर होते. मी तिजोरी उघडताना ते कित्येकदा मागे खुर्चीत बसलेले असत.

क्रमांक मी त्याच दिवशी बदलला. संध्याकाळी विनयला सगळे सांगितले. तो म्हणाला, "गंमत करतात गं बाबा. वय झालंय." वर म्हणाला, "आणि तुला काही झालंच, तर ते जुनं रिव्हॉल्व्हर मी तुझी आठवण म्हणून भिंतीवर लावणार." वारसाने नळीत अडसर बसवून हत्यार घरी ठेवले तर कायदा अडवत नाही, हे त्याने शोधूनही ठेवले आहे. कायद्याला बाबा माहीत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर काडतुसे तपासली, त्यांना अडसर दिसला की तो कसा निघतो हेच आधी दिसेल.

विनय, ज्या घरात तुला कधीकधी परका समजले जाते, त्या घरात मी तुला हत्यार देऊन जाणार नाही. यात तुझ्यावरचा राग नाही. राग आहे, पण तो त्या रद्द केलेल्या भेटीबद्दल आहे.

कलम ७. संग्रह, काडतुसांसह, श्री. एहलर्स यांना मिळावा. त्यांच्याकडे परवाना आहे आणि त्यांच्या घरी फक्त एक मांजर आहे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्यांनी करावे. शनिवारी ते पाचही रिव्हॉल्व्हर तात्पुरती सांभाळायला घेऊन जातील. त्याआधी मला काही झाल्यास तिजोरी एहलर्स यांच्यासमोरच, तज्ज्ञाकडून उघडावी. नवा क्रमांक मी कोठेही लिहिलेला नाही आणि तो कोणाच्या वाढदिवसावरून केलेला नाही. प्रयत्न करू नयेत.

कलम ८. इथपर्यंतचा मजकूर मी गुरुवारी लिहिला. आज शनिवार. हे कलम गुरुवारी नव्हते.

आज सकाळी बाबा पूर्ण भानावर होते. त्यांनी स्वतःहून विचारले, "एहलर्स कशाला येतोय?" खोटे सांगता आले असते. मी त्यांना कलम एक ते सात वाचून दाखवले. काही गाळले नाही. मध्ये त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"तो माणूस म्हणजे विनय?"

"हो, बाबा."

"गोळी मी भरली?"

"हो."

"कुठल्या कप्प्यात?"

हे मी विनयलाही सांगितले नव्हते. म्हटले, "घोडा ओढल्यावर नळीसमोर येतो त्या."

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तपासणीचा निकाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "मग ती पूजेसाठी नव्हती."

मी कागद खाली ठेवले.

"साक्षीदार म्हणून माझं नाव घाल."

"बाबा, इथे साक्षीदार लागत नाहीत. आणि तुमची सही कायद्यात टिकणारही नाही."

"कायद्यासाठी नको गं. माझ्यासाठी. उद्या मी विचारीन, तिजोरी रिकामी कशी? भांडेन. तुला चोर म्हणेन. त्या दिवशी ही सही माझ्यासमोर धरा. स्वतःची सही मी ओळखीन, एवढी खात्री आहे." मग म्हणाले, "आणि तू दवाखान्यातून बरी होऊन आलीस, तरी ती हत्यारं परत आणू नकोस."

"मृत्युपत्रात तसं लिहिता येत नाही. ते मेल्यावर लागू होतं."

"मग कशात लिहितात?"

पाचांतले पहिले रिव्हॉल्व्हर मिळवायला मला तीन हिवाळे लागले होते. ते आता बाकीच्या चारांसह एहलर्स यांच्या कुलूपबंद पेटीत, त्यांच्या गाडीत आहे. जिवंतपणी लागू होणारे कलम मृत्युपत्रात बसत नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते: मी वाचले तर संग्रह एहलर्स यांनाच विकीन. बाबा असेपर्यंत या घरात हत्यार येणार नाही. खंडेनवमीला पाटावर माझी मापे असतील.

सही करण्याआधी बाबांनी मला विनयला हाक मारायला सांगितले. विनय आला, उभ्यानेच सहावे कलम वाचू लागला आणि अर्ध्यातच खाली बसला. त्याने मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे मागितला आहे. मी दिला.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, खाडाखोड नाही.

स्थळ: फालर्सलेबेन, वोल्फ्सबुर्ग
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

(सही) उर्जा श्यामकांत दळवी

साक्षीदार १: (सही) क्लाउस एहलर्स. यांना मराठी येत नाही. शेवटचे कलम मी त्यांच्यासमोर लिहिले व सही केली, एवढ्यापुरती त्यांची साक्ष.

साक्षीदार २: (सही) राजाराम गणपत मोहिते. पुढील ओळी त्यांच्या हातच्या:

सही करतेवेळी माझा मुलगा विनय माझ्यासमोर बसला आहे. त्याला टक्कल आहे. मी त्याला ओळखतो.