शून्य नंबरचा कोर

१२ जून, मंगळवार

लाइन एक हजार एमबीची. मशीन ३८० च्या वर जात नाही. तीनदा मोजलं. ३८०.

शकूरभाई म्हणाले, "लाइनवाल्याची चूक असंन." दुकान त्यांचं, त्यामुळे चूक नेहमी दुसऱ्याची. लाइन सरळ लॅपटॉपला जोडून दाखवली. ९४०. मग ते मशीनकडे बघत राहिले.

मशीन म्हणजे एक जुना सर्व्हर. पुण्याच्या भंगारातून आणलेला. दोन प्रोसेसरची सोय आहे, पण एकाची जागा रिकामी – कोणीतरी आधीच काढून विकला असावा. उरलेल्या एकावर आमची फायरवॉल चालते. नांदुऱ्यातली घरं आणि आजूबाजूच्या गावांतली चाळीस सेवा केंद्रं, सगळ्यांचं इंटरनेट यातूनच तपासून पुढे जातं. पंख्यांचा आवाज मोठा. आमचा लाइनमन गोकुळ त्याला थ्रेशर म्हणतो.

मागच्या वर्षी पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी चाळीसही केंद्रं दुपारी अडकली. लोक अर्ज न भरता घरी गेले. दिवाळीनंतर बोंडअळी आली. त्या लोकांनी शकूरभाईंना काय काय म्हटलं ते शकूरभाई अजून सांगत नाहीत.

आज म्हणाले, "करिष्मा बेटा, एकतीस जुलैले पुन्हा तसं झालं त केंद्रं मलकापूरवाल्याकडे जातीन. केंद्रं गेले की दुकान गेलं. मंग मी नाही, तू नाही, गोकुळ्या नाही."

गोकुळ म्हणाला, "म्या त आताच नाही. म्या खांबावर असतो."

नवीन फायरवॉल घेणार नाहीत. आहे त्यातच करायचं. आणि रोज संध्याकाळी ग्राफचा फोटो काढून त्यांच्या फोनवर पाठवायचा. शिकायचं आहे म्हणे. या वयात. ठीक.

१३ जून

नियम : एका वेळी एकच बदल. मग मोजायचं. मग पुढचा.

१४ जून

मशीन आलं तसंच वीज वाचवण्याच्या सेटिंगवर होतं. काम नसलं की कोर – प्रोसेसरमधला एकेक कामगार – झोपतो. डेटाचं पॅकेट आलं की उठतो. उठायला लागणारा वेळ नगण्य – पण पॅकेटं त्याहून लवकर येतात. तो डोळे चोळतोय तोवर मागे रांग. रांग भरली की उरलेली टाकून देतो.

झोप बंद केली. वेग वर बांधून ठेवला. ५६०.

शकूरभाईंनी विचारलं, "इन्व्हर्टर किती वेळ चालंन मंग?"

"कमी."

"कमी मंजे?"

मोजलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

१७ जून, रविवार

गावी. पेरणी. बाबांनी कपाशीचं पाकीट फोडलं. आतलं छोटं पाकीट – बीटी नसलेल्या बियाण्याचं, कडेने लावायचं – धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भिरकावलं. दरवर्षी भिरकावतात. सगळेच भिरकावतात. धुऱ्यावर मागच्या वर्षीचंही एक सापडलं.

मी म्हटलं, ते लावायचं असतं.

"काऊन? किड्यायच्या पाहुणचाराले?"

एकदाच सांगितलं. कडेच्या झाडांवर साध्या अळ्या जगतात. आतल्या बीटीच्या औषधाला न मरणाऱ्या अळीचा जोडा त्यांच्याशी लागतो, म्हणून पुढची पिढी औषधाला मरते. कडच नसली तर न मरणाऱ्यांचा जोडा न मरणाऱ्यांशी.

बाबा म्हणाले, "म्हणजे कडच्या चार ओळी किड्यायले सोडून देऊ. हाव. त्यायच्या लग्नाले." आई हसली. "तू तुह्या कॉम्पुटरचं पाह्य."

पाहतेच आहे.

२० जून

एका कोरचे दोन दाखवायची सोय बंद केली. आधी सोळा दिसायचे, आता आठ. मुळात आठच आहेत. एका चुलीशी दोन बाया उभ्या केल्या म्हणून भाकरी दुप्पट होत नाहीत, एकमेकींना कोपर लागतं.

६९०.

ग्राफ पाठवल्या पाठवल्या शकूरभाईंचा फोन. "आठ कुठं गेले?"

"नव्हतेच."

"कंपनीनं त सोळा लिहेल आहे."

"हो."

फोन ठेवला.

२१ जून

पाऊस. केबल तुटली. गोकुळ दिवसभर खांबावर. मशीनला हात लावला नाही.

२५ जून

सापडलं. येणारं प्रत्येक पॅकेट आधी शून्य नंबरच्या कोरकडे जात होतं – कोरांची मोजणी शून्यापासून असते. तो एकटा धापा टाकतोय आणि बाकीचे सात बघतायत. आमच्या ग्रामपंचायतीसारखं.

वाटणी केली. एक ते सात नंबरांनी पॅकेटं बघायची. शून्याने पॅकेटला हात लावायचा नाही. त्याच्याकडे मशीनचं घरकाम : मी लॉगिन केलं तर दार उघडणं, नोंदी ठेवणं, आणि अकोल्याच्या मुख्य केंद्राला थोड्या थोड्या वेळाने 'आहे' म्हणून निरोप पाठवणं. निरोप चुकला तर अकोला आम्हाला मेलेलं समजून लाइन सोडून देतं.

९१०. पुन्हा मोजलं. ९१०.

गोकुळने थ्रेशरला उदबत्ती ओवाळली. धूर आत ओढला जातो हे सांगून विझवायला लावली.

२६ जून

शकूरभाई ग्राफ घेऊन आले. सात रेघा वर, एक जमिनीला टेकलेली.

"हा काऊन बसून राह्यला?"

सांगितलं.

"मंजे बसून खाते."

पुन्हा सांगितलं. मान हलवली. पटल्याची नव्हती, ऐकल्याची होती. फरक मला कळायला हवा होता.

३ जुलै

वीज गेली. आली. सेटिंग टिकली. आठवड्यात दुसरं लिहिण्यासारखं नाही.

१० जुलै

पुण्याच्या कंपनीचा फोन. निवड झाली. एक ऑगस्टला रुजू व्हायचं, हो की नाही ते महिनाअखेरच्या आत सांगायचं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "जाय. इथं काय, त्या थ्रेशरपाशी बसतं." मग लगेच, "तिकडं कोण आहे आपलं?" दोन्ही एकाच दमात.

मला जायचं आहे का, ते मोजायचं कसं माहीत नाही. इथे मी संध्याकाळच्या बसने घरी जाते, आणि तालुक्यात दुसरं कोणी हे काम करत नाही. ही दोन कारणं आहेत. तिसरं शोधायचं ठरवलं आणि झोपले.

२३ जुलै, सोमवार

शनिवारी-रविवारी खुरपणीला गावी होते. आज एकतीसची रंगीत तालीम ठेवली होती. सगळ्या केंद्रचालकांना सांगून ठेवलं होतं, अकरा वाजता सगळ्यांनी एकदम विम्याची साइट उघडा.

उघडली. पहिली काही मिनिटं नीट. मग अकोल्याने लाइन सोडली. परत आली. परत सोडली. मला मशीनमध्ये शिरता येईना; दार उघडायलाच कोणी नाही. केंद्रांचे फोन सुरू झाले. डोणगावहून परवाच नवीन जोडलेला केंद्रवाला तर विचारत होता, "म्याडम, ही तालीम आहे की तमाशा?"

शेवटी सगळ्यांना साइट बंद करायला सांगितली, तेव्हा शिरता आलं. पाहिलं. शून्य नंबर पॅकेटं उचलत होता. आठही कोर गळ्यापर्यंत.

"कोणी केलं?"

गोकुळ छताकडे बघत म्हणाला, "शेठनं सांगतलं, म्या केलं. तू लिहून ठेवेल होतं ना कसं करायचं ते, त्याच्याच उलट."

शकूरभाई म्हणाले, "मी म्हटलं आठवा बी लागू दे कामाले. त्याच्यानं हजार पुरे होतीन."

मी ओरडले नाही. फळ्यावर आठ चौकोन काढले आणि शून्याचं घरकाम त्यात लिहिलं. अकोल्याचा निरोप कोण पाठवेल, विचारलं.

मग गोकुळ म्हणाला, "मंजे हे ते कपाशीच्या पाकिटातलं लहानं पाकीट हाय."

"हो."

"ते त आपण फेकून देतो."

"हो."

शकूरभाई खुर्चीत बसले. त्यांचे वडील नांदुऱ्यात कापूस घ्यायचे. मागच्या हिवाळ्यात या गल्लीत कापसाच्या किती कमी गाड्या आल्या ते त्यांनी पाहिलं आहे. म्हणाले, "ठीक आहे. शून्याले कोणी हात लावू नका. मी बी नाही."

पहिल्यासारखं केलं. संध्याकाळी ग्राफ पाठवला. एक रेघ जमिनीवर.

२६ जुलै

शकूरभाईंना सरळ विचारलं. "पुण्याला उत्तर द्यायचंय. एकतीसला मशीन टिकलं तर दुकान राहील?"

ते बिल फाडत होते. "टिकू त दे बेटा."

मी ते हो धरलं. पुण्याला 'नाही' म्हणून कळवलं.

२७ जुलै

गोकुळला सांगितलं, पुण्याला जात नाही. तो म्हणाला, "बरं झालं. नाही त म्या बिघडवलं ते सुधरवून कोण देणार?" मग थोड्या वेळाने चहा आणला. याआधी कधी आणला नव्हता.

२९ जुलै, रविवार

गावी. कपाशीत पहिल्या डोमकळ्या – मिटलेली फुलं. उघडून पाहिली. आत गुलाबी अळी. इतक्या लवकर.

जेवताना बाबांनी विचारलं, "ते लहानं पाकीट कुठं फेकलं होतं म्या?"

"धुऱ्यावर."

"आता लावलं त?"

"आता नाही."

बाबांनी भाजी वाढून घेतली. विषय संपला.

३१ जुलै, मंगळवार

सकाळपासून केंद्रांवर रांगा. दुपारी दोनला ८८०. तीनला ९०५. चारला तितकंच.

लाइन पडली नाही. मी सगळा वेळ लॉगिन होते आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं. शून्य नंबर दोन टक्क्यांवर.

विम्याची साइट मध्ये वीस मिनिटं बंद होती. ती त्यांची. आमची नाही.

कोणाचा तक्रारीचा फोन आला नाही. आभाराचाही. हेच हवं असतं. डोणगाववाल्याने मात्र मेसेज टाकला : "आज ना तालीम ना तमाशा."

शकूरभाई दिवसभर माझ्या मागे उभे होते. बंद करताना म्हणाले, "आजचा ग्राफ साफ काढ. तारीख, टाइम सगळं दिसलं पायजे."

साफ काढला. पाठवला.

१ ऑगस्ट

आज पुण्यात असते. लिहायला दुसरं नाही म्हणून लिहिलं.

३ ऑगस्ट

शकूरभाईंनी दुकान मलकापूरवाल्यांना विकलं. बोलणं मे महिन्यातच झालं होतं; फक्त एकतीसचा ग्राफ बघून पक्कं करायचं राहिलं होतं. रोज संध्याकाळी मी पाठवलेले फोटो तिकडेच जात होते. "चालतं दुकान इकल्या जाते बेटा. बंद पडलेलं कोण घेते?"

गोकुळला ठेवणार आहेत. खांब इथेच आहेत. मला नाही; त्यांचा इंजिनिअर आहे.

तो आज आला होता. नम्र मुलगा. मशीन पाहून म्हणाला, छान बसवलंय, फक्त एक कोर उगाच रिकामा आहे, उद्या कामाला लावतो.

शकूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी डबा पिशवीत टाकला. संध्याकाळची बस गाठली.