हात मांडीखाली

सोमवार, ४ मार्च

कॅन्टीनच्या दारावर पाटी — धुलाईच्या कामगारांनी आत बसू नये, खिडकीतून घ्यावे. आमच्या कपड्यांना वास येतो म्हणे! अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी धुतो आम्ही, मग काय अत्तराचा वास येणार? ताईने आत बाकांवर ठाण मांडून ही खिडकी बंद करायला लावली होती. तिला जाऊन वर्ष होत नाही तोच नव्या मॅनेजरने पुन्हा उघडली. डोकं नुसतं भणभणतंय.

मंगळवार, ५ मार्च

भाची — ताईची मुलगी, माझ्या शेजारच्याच मशीनवर असते — म्हणते, शुक्रवारी आत जाऊन बसायचं. आईसारखंच. आणि तालीम मी घ्यायची.

ताईच्या वेळी तालमीत शिव्या देणारी मीच असायचे ना! बाकीच्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. मी तोंडाला येईल ते बोलायचं, केस ओढायचे, पाणी ओतायचं. हात बाहेर आला की ती बाद. कारण तिथे एकीचा जरी हात उठला तर पोलिसांना आयतं निमित्त, आणि नोकऱ्या सगळ्यांच्याच जाणार.

मला मात्र ताईने कधी बसू दिलं नाही. "तुझी जीभ माझ्या कामाची, हात नाहीत," म्हणायची. तिचं काय, जन्माची शांत!

बुधवार, ६ मार्च

तालीम झाली. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्याच बहिणीला, मी नको नको ते बोलले. खाडकन कानाखाली बसली माझ्या! गाल अजून हुळहुळतोय.

म्हटलं, तू बाद. तर रडायलाच लागली. म्हणाली, मी आईची मुलगी शोभतच नाही. तिच्यासाठी आणलेला चहा तसाच निवून गेला.

गुरुवार, ७ मार्च

इस्त्रीवाल्या मामी ताईबरोबर अगदी पहिल्यापासून होत्या. त्यांना कालचं सांगितलं तर हसतच सुटल्या.

"अगं, तू कामाला लागायच्या आधीची गोष्ट. पहिल्याच तालमीत तुझ्या ताईने मला थोबाडीत दिली होती! हात मांडीखाली घ्यायचं तिने स्वतःसाठी काढलं. सगळ्याच तसं बसायला लागल्या, म्हणून तिचं कुणाला कळलं नाही."

असा राग आला ताईचा! एवढ्या वर्षांत मला एका शब्दाने बोलली नाही. नंतर फार वेळ रडू येत राहिलं. भाचीला जाऊन सांगितलं. उद्या ती बसणार. मीही बसणार.

शुक्रवार, ८ मार्च

बसलो. पाटी अजून तिथेच आहे, उद्या पुन्हा जायचंय. मॅनेजरने चहा माझ्या डोक्यावर ओतला. चांगला गरम होता. माझा हात निघालाच होता, पण सुटेना. भाचीच्या मांडीखाली होता ना तो — जोर देऊन बसली होती पोरगी. तिचा माझ्या मांडीखाली.