अण्णांना सांगता येतं

धाराशिव,
गुरुवार, दुपारचे तीन

प्रिय अनिरुद्ध,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, तू तिथं सगळ्यांशी भांडतेस का? मी "काही न्हाय रे" म्हणून विषय बदलला. फोनवर तू नीट समजावून सांगतोस आणि मी हो हो करत जाते, ही जुनी सवय आहे. म्हणून हे कागदावर लिहिते. कागदावर मला मध्येच कुणी थांबवत नाही.

तुझ्या अण्णांना लकवा मारून आज बेचाळीस दिवस झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेवढं तू पाहून गेलास. दवाखान्यातून या पुनर्वसन केंद्रात आणलं तेव्हा व्यायामाची मोठी खोली बघून तुझा जीव भांड्यात पडला. माझाही पडला होता. दुसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट खटकायला लागली. अण्णा डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटायचे, थांबायचे, पुन्हा आपटायचे. सगळे म्हणायचे, पेशंट बेचैन आहे. बावीस वर्षं अंगणवाडीत काढूनही मला ओळखायला दोन दिवस लागले, याची लाज वाटते. लेकरू पाय कसे जवळ घेतं, नजर कशी दाराकडं जाते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांना संडासला जायचं होतं. ते सांगत होते आणि कुणी नेत नव्हतं, कारण डायपर बांधलेलं होतं. ज्या माणसानं माकणीच्या धरणावर कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली, कितीही थकून आला तरी पाय धुतल्याशिवाय घरात शिरला नाही, तो माणूस ओल्यात पडून छताकडं बघत होता. माझ्याकडं बघत नव्हता.

मी सारजाबाईंना विचारलं. त्या इथल्या मावशी आहेत, आडमुठ्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, आमी दोघी अन् पेशंट बावीस. डायपर बदलायला पाच मिनिटं लागत्यात. ह्यांना उचलून न्यायचं म्हणजे दोघींचा अर्धा तास. खोटं कशाला बोलू?" त्यांच्यावर मला राग धरता आला नाही. राग आला तो फाईल बघितल्यावर. तिच्यात लिहिलं होतं, मलमूत्रावर नियंत्रण नाही, पेशंट सहकार्य करत नाही, सुधारणेची शक्यता कमी. आणि त्या तीन ओळींवरून त्यांचा व्यायाम निम्म्यावर आणला होता. आधी माणसाला न्यायचं नाही, मग त्याला जमत नाही म्हणून लिहायचं, आणि लिहिलंय म्हणून शिकवायचं बंद करायचं. मी सातवी शिकलेली असेन अनिरुद्ध, पण एवढं मला वाचता येतं.

व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत मी सकाळी दहाला जाऊन बसले. त्यांनी आधी चहा विचारला, मग घरच्या जबाबदार माणसाला बोलवा म्हणाले. म्हटलं, मीच आहे, आणि तुमची माणसं ह्यांना संडासला नेत नसतील तर मी नेते. मग म्हणाले, बाई, नियमाप्रमाणं नातेवाइकांना पेशंट उचलता येत नाही, पडले तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, "मग एवढंच लिहून द्या की ह्यांना सांगता येतं, तरी आम्ही नेत नाही. खाली सही करा आणि शिक्का मारा. मी घरी जाते." ते लिहीनात, मी उठेना. लोक येऊन कामं करून जात होते आणि मी खुर्चीत बसून. अडीच वाजता त्यांनी शिवप्रियाला बोलावलं.

शिवप्रिया म्हणजे इथली व्यायाम घेणारी पोरगी, तुळजापूरची, तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. तिनं मला शिकवलं. खुर्ची त्यांच्या डाव्या, चांगल्या बाजूला लावायची, कमरेला पट्टा बांधायचा, त्यांच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवायचा आणि हातांनी न ओढता आपण मागं झुकायचं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं परत पलंगावर बसलो, धपकन. मला रडू येईल असं वाटलं, तर अण्णा तोंडाच्या एका बाजूनं हसत होते. चौथ्या दिवशी डायपर कोरडं निघालं. सातव्या दिवशी मी ते काढून टाकलं. आता सारजाबाई दांडीवरची टकटक ऐकली की स्वतःच खुर्ची घेऊन येतात. काल व्यायामाच्या खोलीतल्या दोन दांड्यांच्या मधे अण्णा आधाराशिवाय चाळीस आकडे मोजेपर्यंत उभे होते. मोजत मी होते. फाईलमधल्या त्या तीन ओळी शिवप्रियानं खोडून घेतल्या आणि व्यायाम पुन्हा पूर्ण वेळ सुरू झाला.

हे सगळं मी तुला आनंदानं फोनवर सांगितलं असतं. पण मंगळवारी अण्णांना पुढं कुठं ठेवायचं याची बैठक होती. अण्णांना चाकाच्या खुर्चीत माझ्या शेजारी बसवलं होतं. मी घरी नेणार म्हणताच व्यवस्थापक साहेबांनी एक कागद काढून वाचायला सुरुवात केली. तो तुझा मेल होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. त्यात तू लिहिलं होतंस, वडिलांत सुधारणेची आशा नसल्यामुळे त्यांना लातूरच्या शुश्रूषागृहात कायमचं ठेवायला माझी संमती आहे, आईला आत्ता काही सांगू नये, ती हट्टी आहे. अण्णांची वाचा गेली आहे, कान नाहीत गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी तो कागद मागून घेतला आणि तुझ्या नावाखाली लिहिलं, "पत्नीला मान्य नाही. विमल वसंतराव सुरवसे." तुला माझी काळजी वाटली असेल, मी थकेन म्हणून केलं असशील, तेही कळतं मला. थकलेच आहे. तरी सहा आठवड्यांनी मी ह्यांना माकणीला घरीच नेणार आहे, आणि ते तुला विचारत नाही, कळवते आहे. उचलताना माझी उंची कमी पडते, तुझा खांदा लागेल. लातूरचं समजावून सांगायचं असेल तर पुण्यातच राहा. शिकायला येणार असशील तर शनिवारी दहाच्या आत पोच, शिवप्रिया शनिवारी बारालाच घरी जाते. आल्यावर आधी अण्णांजवळ बस. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझीच, हट्टी,
आई