लाभ, दोन, तीन

११ नोव्हें.
पवनानगर. लावणी यंत्राने भात वाढलं का, ते मोजायचं. वाढलं तर यंत्र बायकांच्या गटाकडे राहणार, नाही तर परत. गटाच्या सुमनमावशी कंबर धरून म्हणाल्या, "ह्ये गेलं तर म्या बी गेले समज."
वजनकाट्याचे सेल संपलेले. मग पायलीने मोजलं. प्रत्येक वाफ्याची रास वेगळी. मावशी ओतत, मी वहीत रेघ मारत. शेजारी धरणाकाठी तंबूत उतरलेल्या पर्यटकांची गाणी, कान किटले. प्रत्येक राशीला आधी मावशी "लाभ" म्हणत. मी दर वेळी डोळे मिटून हात जोडले.

१३ नोव्हें.
सगळ्या राशी गेल्या वर्षीपेक्षा कमी. उभं पीक तर डोळ्यात भरत होतं. वाईट वाटलं. ऑफिसातले साहेब मात्र खूश. "घट आली की अहवाल वजनदार होतो." त्यांना तसाच मसुदा करून दिला.

१६ नोव्हें., घोरावाडी
सासूबाई नवे तांदूळ डब्यात भरत होत्या. "लाभ, दोन, तीन..."
"आई, एक कुठंय?"
"हे काय, लाभ. एक म्हटलं की बरकत जाते."
बरकत गेलीच. माझ्यामुळे. दर राशीची पहिली पायली वहीत आलीच नाही.

१७ नोव्हें.
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहवालात काय लिहू? मोजणारीने हात जोडले?" पुन्हा मोजायला सांगितलं.

१८ नोव्हें.
पवनानगर. बाकीच्या राशी गिरणीत जाऊन तंबूवाल्यांच्या पोटात. मावशींची तेवढी उरलीय. भीत भीत सांगितलं. पदर तोंडाला लावून हसल्या. "मला वाटलं, पोरगी लय देवभोळी हाय."
पण मोजलेली रास पुन्हा मोजत नाहीत म्हणे, घटते. यंत्राकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या मोजू. पन पैलं माप तू बोलायचं. आन् लाभच म्हनायचं."
कबूल केलं.
परतताना साहेबांचा फोन. मोजणीचा व्हिडिओ हवा. "आणि 'एक' स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, लाभबिभ चालणार नाही."
घोरावाडीला उतरून काट्याचे नवे सेल घेतले. काट्यावर ना 'एक' म्हणावं लागेल, ना 'लाभ'. काटा काढला तर मावशी रुसतील का, कोण जाणे. आत्ता त्यांचा फोन येऊन गेला. यंत्र पुसून ठेवलंय, व्हिडिओत तेही घे म्हणाल्या.