वाकड्या सिंहांचे दहा पैसे

नागपूर,
११ ऑक्टोबर १९७४

ती. श्रीधरदादास,

धाकट्या सुमतीचा नमस्कार. उत्तरावहिनींचा गुडघा आता बरा असेल. इकडे ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजतंय, पण नळाला दोन वेळा पाणी येतं, हे काय कमी आहे! चारू सहामाहीत वर्गात चौथी आली.

ह्यांच्या अपघाताचं तुझ्या कानावर आलंच असेल. काळजी नसावी. धंतोलीच्या दवाखान्यात आहेत. डोक्याला टाके पडलेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. सोमवारी घरी सोडणार आहेत. चिल्लरची पिशवी फळीवरून डोक्यावर पडली, असं ह्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. तू संत्री घेऊन भेटायला निघाला असशील तर थांब. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

ह्यांचा नाद तुला ठाऊक आहे. गांधीबागेतल्या दुकानांना सुटे पैसे पुरवायचे म्हणून बँकेतून पिशव्या आणतात. स्टेशनावरच्या वजनाच्या मशीनमधल्या नाण्यांच्या पेट्याही ठेकेदाराकडून आमच्याच घरी येतात. त्यातली जुनी, दुर्मिळ, चुकीची छापलेली नाणी आधी वेचून घ्यायची आणि उरलेली दुकानांत पोचवायची. शौकीन लोक एकेका नाण्याला चांगला भाव देतात. तू आलास की हे डबी उघडून दाखवायचे आणि तू म्हणायचास, "वा भाऊजी, काय नजर आहे!" दादा, ती नजर माझी होती. दोन वर्षांपासून चारूचीही. लहान बोटं भरभर चालतात म्हणून तिलाही बसवतात.

तुला न दाखवलेलं आता सांगते. आमचं लक्ष उडू नये म्हणून हे प्रत्येक पिशवीत स्वतःजवळचं एक नाणं मिसळतात. दहा पैशांचं, पिवळं, कंगोऱ्यांचं. टाकसाळीच्या चुकीनं त्यावरचे सिंह वाकडे उमटलेत. ते सापडलं तर आम्ही नीट पाहिलं असं धरायचं. नाही सापडलं तर हात पाटावर ठेवायचा. माझा पुढचा दात गेला तेव्हा मी विहिरीवर पडले होते ना? खांदा निखळला तेव्हा जिन्यावरून पडले होते. आमच्या घरात सगळं पडतच असतं. दोनदा मी तुझ्याकडे पळून आले आणि दोन्ही वेळा तू नारळ-खण घालून मला परत आणून सोडलंस. "थोडं सोसा लागते वं बाई. दारू तं पेत नाही ना तो?" असं म्हणाला होतास. नाही पीत. खरंच नाही पीत.

गेल्या रविवारी चारूनं सगळी पिशवी पाहिली, नाणं मिळालं नाही. पुन्हा पाहिली. मग मी पाहिली. ती रडायला लागली. "आई, सिक्का नव्हताच वं त्यात!"

"चोट्टी झाली का आता?" हे म्हणाले. "कुठी लपवला, सांग."

मी माझा हात पाटावर ठेवला. म्हटलं, चूक माझी. ह्यांनी मला लाथेनं बाजूला केलं, चारूचं मनगट धरलं आणि खलबत्त्यातला बत्ता तिच्या बोटांवर आणला. ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं. बत्ता परत वर गेला.

इथून पुढे मी 'हे' लिहीत नाही. विश्वनाथ लिहिते. लग्नात उखाण्यात घेतलेलं नाव आता साधं लिहायला काय हरकत आहे?

मी चिल्लर परत भरलेल्या पिशवीचा गळा आवळून धरला आणि ती जीव खाऊन फिरवली. पहिल्याच घावाला विश्वनाथ खाली बसला. माझ्याकडे असा बघत होता की मी कोण हेच त्याला कळेना. दुसरा घाव कानावर बसला. कापड फाटलं, नाणी घरभर झाली, म्हणून तो वाचला. तिसऱ्यासाठी मी बत्ता उचलला होता. चारूनं मागून पदर धरला, चांगल्या हातानं. दादा, मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुठल्या सणावाराला वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. भीती नंतर आली, आणि ती पोलिसांची नव्हती.

बायकोनं मारलं हे सांगायला त्याची जीभ रेटत नाही, म्हणून पिशवी पडली. शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतो, "सापडला का वं तो सिक्का? घर झाडून नीट पाह्य." पोरीच्या हाताचं अवाक्षर नाही. तिच्या दोन बोटांना प्लास्टर आहे. त्यातलं एक सरळ होईलच असं डॉक्टर सांगत नाहीत.

मंगळवारी नर्सनं त्याचा रक्तानं कडक झालेला सदरा धुवायला दिला. खिशात ते नाणं होतं. त्यानं ते पिशवीत टाकलंच नव्हतं. विसरला होता.

तो झोपलेला होता. मी उशाशी गेले आणि दुसरी उशी उचलली. हो दादा, त्यासाठीच उचलली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं पाणी मागितलं. उशी ठेवली, त्याला पाणी पाजलं आणि बाहेर व्हरांड्यात गेले.

नाणं मिळाल्याचं विश्वनाथला सांगितलं नाही. काल चारूला घेऊन स्टेशनावर गाडीची वेळ विचारायला गेले होते. तिथल्या वजनाच्या मशीनवर तिला कडेवर घेऊन उभी राहिले आणि तेच दहा पैसे आत टाकले. मशीनला सिंह सरळ की वाकडे याचं सोयरसुतक नसतं. तिकीट आलं. मागे छापलंय, 'आप शांत स्वभाव के हैं।' ते वाचून चारू कितीतरी दिवसांनी हसली. ती पेटी फिरून त्याच्याच घरी येणार आहे. नाणं त्याला सापडेलच. आम्ही कुठून गेलो ते तेव्हा त्याला कळू दे.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही वर्ध्याला उतरतो. मी शिवण घेईन, लोकांचे डबे करीन. आमची पोटं आमच्याकडे, तुझ्याकडून फक्त दार हवं. या खेपेला नारळ-खण काढू नकोस. मला आता विश्वनाथची भीती वाटत नाही, माझी वाटते. तू परत नेऊन घातलंस तर तो राहिलेला तिसरा घाव मी घालीन. मग चारूला बाप नसेल, आणि आई तुरुंगात असेल.

वहिनी म्हणतील, दोन माणसांचा भार. म्हणून तिकीट सोबत पाठवते. चारूचं आणि माझं मिळून एकसष्ट किलो, प्लास्टर धरून. तुझ्या घरावर याहून जास्त काही पडणार नाही. झेपत असेल तर स्टेशनावर ये.

परत पाठवण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी निघालेली,
तुझी
सुमती