विकणाऱ्याच्या देशाचा कायदा

चि. श्रावणी, भवानी पेठेतून काकाचे आशीर्वाद.

जर्मनीच्या गिऱ्हाईकानं टॉवेलच्या रंगावरून भांडण काढलं, वर म्हणाला, कायदा आमचाच चालणार. करारात कुठला कायदा ते लिहिलंच नव्हतं. मी नग आणि तारीख बघून सही ठोकलेली. तू व्हिडिओ कॉलवर शांतपणे त्यांच्याकडचाच नियम दाखवलास: करारात ठरलेलं नसेल तर विकणाऱ्याच्या देशाचा कायदा लागतो. त्यांच्या वकिलानं तो हट्ट तिथंच सोडला. तेव्हापासून कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलोय, आमची पुतणी लई हुशार हाय.

एकच सांगत नाही. तुझा लॉ कॉलेजचा फॉर्म हरवला नव्हता. मीच तो कपाटात दडवला होता. तुझं अख्खं वर्ष गेलं.

हे पत्रही त्याच कपाटात ठेवतोय.

तुझा,
नरसय्याकाका