‘इतर’ उद्योगातल्या आम्ही

४ जानेवारी
इतर! चक्क ‘इतर’!

राज्याच्या उद्योग मेळाव्याचा नकाशा आला. वाहनांचं दालन, औषधांचं, कापडाचं, खाद्यपदार्थांचं. आणि पार कोपऱ्यात, उपाहारगृहाला खेटून, ‘इतर’. त्यात आम्ही. वर मेळाव्याच्या अधिकाऱ्यांचा फोन — तुम्ही टूथब्रश बनवता ना, मग शेजारी साबणवाले चालतील का? म्हटलं, साहेब, आम्ही यंत्रांचे ब्रश बनवतो. गिरणीत सूत झाडणारे, औषधाच्या गोळ्यांवरची भुकटी उडवणारे, पत्र्यावरचा गंज खरवडणारे. तुमच्या चारही दालनांचं आमच्यावाचून अडतं. ते म्हणाले, हो, म्हणजे इतरच.

सासऱ्यांनी एका खोलीत सुरू केलेला हा कारखाना. ‘हे’ गेल्यावर मी हातात घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले, बाईमाणसाला झेपायचं नाही. आज तीन शेड आहेत. तेच नातेवाईक आता मुलांना नोकरीला लावा म्हणून येतात.

७ जानेवारी
शीतपेयांच्या कंपनीने बाटल्या धुण्याच्या ब्रशाचा नमुना परत पाठवला. तळाशी, कडेला घाण राहते म्हणे. राज्यातली सगळ्यात मोठी कंपनी. तिचं काम मिळालं तर चौथी शेड पक्की, हुकलं तर तिसरीही रिकामी बसेल.

सून म्हणाली, केसांचे झुबके सरळ ओळीत नकोत, मळसूत्री बसवू, स्क्रूच्या आट्यांसारखे. ब्रश फिरेल तशी घाण वर ओढली जाईल. म्हटलं, सासऱ्यांपासून आपल्या ओळी सरळ आहेत. तिने वहीत काहीतरी रेखाटलं आणि वही मिटली. 

पोरगी हुशार आहे. आमचे चिरंजीव शाळेत इतिहास शिकवतात, कारखान्यात आले की शिंकतात. कारखान्याचं खरं डोकं तीच. तोंडावर कधी सांगितलं नाही — डोक्यावर बसेल!

८ जानेवारी
दुसरा नमुना. ओळी सरळच, केस जरा लांब. होईल.

१५ जानेवारी
मेळाव्यात भाषण करायला बोलावलंय! विषय — नव्या उद्योजकांसाठी संधी. ठरलेले मोटारवाले ऐनवेळी परदेशी गेले, म्हणून माझी वर्णी. असू दे. पडत्या फळाची आज्ञा.

१९ जानेवारी
गाजवलं!

माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतके आकडे वाचले की अर्धं सभागृह पेंगत होतं. मी म्हटलं, मोठे कारखाने बघून दबू नका, त्यांना काय काय लागतं ते बघा. स्प्रिंगा, गाळण्या, पट्टे — अजून कितीतरी बाहेरून येतं. मोटार बनवायला डोंगराएवढं भांडवल हवं. मोटारीच्या कारखान्याला लागणारी गाळणी एका खोलीत बनते. हे राज्य आम्हा ‘इतर’ लोकांच्या खांद्यावर उभं आहे! टाळ्या. मग मला चेव आला. कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, ज्याच्या डोक्यात नवी कल्पना आहे त्याने मालकाच्या होकाराची वाट बघू नये. बाहेर पडावं, स्वतःची शेड टाकावी!

पहिल्या रांगेत सून. सगळ्यांच्या आधी टाळी तिची. ऊर भरून आला. नंतर औषधवाल्यांचे अध्यक्ष स्वतः आमच्या कोपऱ्यात येऊन ब्रशावरून हात फिरवून गेले. साबणवाले बघतच राहिले.

२१ जानेवारी
चहा घेताना सून म्हणाली, "आई, परवाचं भाषण मनापासून होतं ना?"

"शब्दन् शब्द."

"मग मी शेड बघितलीये. पुढच्या महिन्यात बाहेर पडते. मळसूत्री ब्रश करणार."

मुलाने वर्तमानपत्रात तोंड घातलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. घरभेदी!

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

२३ जानेवारी
सुनेने विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का? मान हलवली. कोणत्या बाजूला, ते मलाही माहीत नाही.

११ फेब्रुवारी
तिची शेड बघून आले. मुद्दाम नाही, जाता जाता. (वाट वाकडी करून.) एक जुनं यंत्र, मदतीला दोन बायका, जमीन लख्ख. ब्रश हातात घेतला. केसांतून बोट फिरवलं तर आपसूक वर सरकत गेलं. मी नुसतं ‘बरं आहे’ म्हटलं. ती हसली.

त्याच शीतपेयांच्या कंपनीला नमुना दिलाय, असं तिने स्वतःच सांगितलं. लपवाछपवी नाही. राग आला, आणि रागाच्या पोटात कौतुकही. आमचा दुसरा नमुना गेल्या आठवड्यात परत आला. तिसरा पाठवलाय. मळसूत्री करायला मन धजलं नाही — ते आता तिचं आहे.

२ मार्च
कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यांचा फोन. तुमचा तिसरा नमुना चालून जाईल म्हणाले. मग चाचरत — एका नव्या कारखान्याचाही आलाय, त्या बाई तुमच्याकडेच शिकल्यात म्हणे. आम्हाला आपलं जुनं माणूस बरं. तुम्ही सांगाल तसं करू.

"त्यांचा ब्रश आमच्यापेक्षा चांगला आहे," म्हटलं. "काम त्यांनाच द्या."

ती माझी सून आहे, हे सांगितलं नाही. तिला वशिला लागत नाही.